होडीचं नाव काय? कयाकिंगच्या विषयापासून खाडीच्या दप्तरापर्यंत

गेल्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारलं, "ताई, 'नवी मुंबईतल्या कयाकिंग आणि कॅनोइंगचा इतिहास' असा विषय घेतला तर गाईड हसतील का?" मी म्हटलं, हसतील, हसू दे. विषय चांगला आहे. फक्त तू जिथून सुरुवात करायची म्हणतोयस तिथून करू नकोस. फोनवर त्याला अर्धवट जे सांगितलं, ते इथे नीट लिहिते. विषय होडीचा आहे, पण कुठल्याही छोट्या, रोजच्या वापरातल्या वस्तूचा इतिहास शोधताना हीच अडचण येते. त्यामुळे तुमचा विषय चूल असो की टोपली, वाचून बघा.

तुम्ही पहिलं प्रकरण काय लिहाल ते मला आत्ताच दिसतंय. कयाक म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढवलेली शिकारीची होडी. मग १८६५ साल. जॉन मॅकग्रेगर नावाच्या वकिलाने 'रॉब रॉय' नावाची छोटी होडी घेऊन युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या, पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी इंग्लंडात कॅनो क्लब निघाला. मग १९३६ चं बर्लिन ऑलिंपिक, जिथे या खेळाला पदकांच्या स्पर्धेत जागा मिळाली. मग भारत, मग महाराष्ट्र, आणि उरलेल्या दोन पानांत नवी मुंबई. सगळं खरं आहे. संदर्भही पटापट मिळतील. पण हा दुसऱ्याच्या घराचा इतिहास झाला, आपण फक्त शेवटी आपली पाटी लावली.

आता क्षणभर खेळ विसरा आणि वस्तू बघा. कयाक किंवा कॅनो म्हणजे काय? अरुंद, हलकी, कमी पाण्यात चालणारी होडी. माणूस जाण्याच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्हं होडीला अडकवलेलं नसतं, ते हातात सुटं असतं. शर्यतीच्या रोइंगमध्ये वल्हं होडीच्या काठाला अडकवलेलं असतं आणि वल्हवणाऱ्याची पाठ दिशेकडे असते. इंग्रजीत या दोन वल्ह्यांना दोन शब्द आहेत, आपल्याकडे दोन्हीला वल्हंच. हे वर्णन घेऊन तुम्ही ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, म्हणजे घणसोली, वाशीगाव, सारसोळे, करावे, दिवाळे अशा गावांच्या धक्क्यांवर गेलात तर इन्युइटांपर्यंत जायची गरज पडत नाही. वस्तू इथेच होती. इतिहासात ती सापडत नाही, कारण आपण तिला चुकीच्या नावाने शोधतो.

हे मला कसं कळलं, तर स्वतःच्या मूर्खपणामुळे. फील्डवर्कच्या पहिल्या तीन महिन्यांत मी वहीत प्रत्येक छोट्या होडीसाठी 'कॅनो' असं लिहिलं. आडनाव जोशी, गाव डोंबिवली. होडीतलं काही कळत नव्हतं आणि इंग्रजी शब्द शास्त्रशुद्ध वाटत होता. नंतर एका काकांनी माझ्याच नोंदी माझ्याकडून वाचून घेतल्या आणि विचारलं, यातली कोरलेली कुठली आणि फळ्यांची कुठली? मला सांगता येईना. तीन महिन्यांची माहिती एका शब्दात बुडाली होती.

आणि तो शब्द तरी कुठला? 'कॅनो' हा इंग्रजी नाही. कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा तिथल्या लोकांच्या होड्यांचं नाव स्पॅनिश लोकांनी उचललं, 'कानोआ'. ते युरोपभर फिरलं आणि इंग्रजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलं. कंपनीच्या कारकुनाला एका ओंडक्यातून कोरलेली कुठलीही होडी दिसली की तो 'कॅनो' लिहून मोकळा व्हायचा. म्हणजे कॅरिबियन बेटांवरचं नाव कोकणातल्या होडीला लागलं आणि कोकणातलं नाव कागदाबाहेर राहिलं. माझ्या वहीत मी दोनशे वर्षांनी तेच केलं.

मराठीत या घराण्यातले शब्द भरपूर आहेत, आणि प्रत्येक शब्द बांधणीबद्दल काहीतरी सांगतो. 'डोण' घ्या. गुरांना पाणी पाजायची लाकडी किंवा दगडी डोण तुम्ही गावाकडे पाहिली असेल. संस्कृतात 'द्रोणी' म्हणजे कोरलेलं पात्र, आणि होडीसुद्धा. खोदून पोकळ केलेली वस्तू, मग तिच्यात पाणी आत ठेवा किंवा बाहेर. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशात 'डोनी' अशी स्वतंत्र नोंद आहे आणि तिथेही एका झाडापासून बनवलेली होडी हाच मूळ अर्थ दिलाय. 'उलांडी' हा दुसरा शब्द. दक्षिण कोकणात अरुंद होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या दांड्यांवर एक लाकूड बांधतात, ती उलांडी. जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाने १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या बांधणीवर मोठा निबंध लिहिला. आग्नेय आशिया आणि आपला किनारा यांचे जुने संबंध शोधताना त्याने या उलांडीसारख्या खुणांवरच भर दिला. 'सांगड' म्हणजे दोन होड्या किंवा ओंडके एकत्र बांधून केलेली तरंगती जोडी. आपण रोज विचारांची सांगड घालतो, पण ती पाण्यातून आली हे विसरून. आणि देशावरच्या वाचकांसाठी 'काहील'. गुऱ्हाळात रस उकळायची ती मोठी कढई सांगली-कोल्हापूरकडे नदी ओलांडायला होडी म्हणून वापरत. तिला कोणत्या क्रीडाप्रकारात बसवायचं ते ऑलिंपिक समितीने ठरवावं.

तेव्हा पहिलं काम शब्दांची यादी. ग्रंथालयात जाण्याआधी.

दुसरं काम म्हणजे स्वतःला एक प्रश्न विचारणं: छोट्या होडीबद्दल कोण लिहील आणि का? मोठ्या जहाजांना लिहिणारे मिळतात. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजं कोरलेली आहेत. ती नेमकी कोणती लढाई यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत, पण जहाजं दगडावर आली, कारण त्यांच्यात वीर मेले. निवट्या पकडायला चिखलात शिरलेल्या माणसाचा वीरगळ कोणी उभारत नाही. त्याची होडी कागदावर येते ती तीनच प्रसंगी: तिच्यावर कर बसवायचा असतो, ती मोजायची असते, किंवा तिच्यापायी भांडण झालेलं असतं.

कराचं उदाहरण बघा. खाडी ओलांडून देणाऱ्या नावेला आणि त्या जागेला आपण 'तर' म्हणतो. १८६८ मध्ये मुंबई सरकारने तरींचा कायदा केला. सार्वजनिक तरी जाहीर करणं, त्या मक्त्याने देणं, भाड्याचे दर ठरवणं हे सगळं त्यात आलं. या एका कायद्यामुळे तरींबद्दल लिलाव, तक्रारी, दरपत्रकं असा कागद तयार झाला. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात महसूल खात्याच्या फायली मागवताना म्हणूनच 'होडी' किंवा 'नेव्हिगेशन'च्या मागे लागू नका, फेरीच्या मक्त्यांपासून सुरू करा. त्या फायलींत मुख्य पात्र मक्तेदार असतो. पण मक्तेदाराची तक्रार वाचा: शेजारून कोणीतरी आपल्या होडीतून माणसं नेतंय आणि माझं भाडं बुडतंय, अशा अर्थाची तक्रार सापडली की ते 'कोणीतरी' म्हणजेच आपला माणूस. तो कागदावर फक्त गुन्हेगार म्हणून आला, पण आला.

दुसरा ठरलेला स्रोत गॅझेटियर. इथे एक व्यावहारिक सूचना, यात माझा आठवडा गेलाय: पनवेल आज रायगडमध्ये, रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा, म्हणून लोक कुलाब्याचा खंड उघडतात. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेला १८८२ चा ठाण्याचा तेरावा खंड घ्या, तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात होतं. आणि त्यात एकाच प्रकरणावर थांबू नका. मासळी एकीकडे, कोळी समाज दुसरीकडे, गलबतं आणि बंदरं व्यापारात, गावांची माहिती पुढच्या खंडात. खाडीतलं आयुष्य एकसंध होतं, पण पुस्तकाने ते खात्यांप्रमाणे वाटून टाकलं. तुम्हाला ते परत शिवायचंय.

पनवेलचं महत्त्वही तिथेच कळतं. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बोटीने पनवेलला उतरे आणि पुढे घाट चढे. प्रवाशांनी या बोटीबद्दल लिहिलं. १८५४ मध्ये ठाण्याला खाडीवरचा रेल्वे पूल होऊन गाडी कल्याणला जाऊ लागली. पुढे रेल्वेने घाटही ओलांडला, आणि प्रवासवर्णनांतून पनवेलची खाडी हळूहळू नाहीशी होते. खाडी सुकली नव्हती, तिच्यातून जाणारे लिहिते लोक कमी झाले होते. हा फरक प्रत्येक स्रोताच्या बाबतीत तपासायचा: वस्तू संपली, की तिच्याबद्दल लिहिणारा माणूस दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागला?

आता जे कुठल्याच फायलीत नाही त्याकडे. ठाणे खाडी समजायची तर आधी पाणी समजून घ्या. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. भरतीला जिथे दोन पुरुष पाणी, ओहोटीला तिथे चकचकीत चिखल. मोठी बोट धक्क्यापर्यंत येते ती भरतीच्या मेहेरबानीने. मधल्या वेळेत तिवरांच्या आतल्या अरुंद पाटांतून जायचं तर काठाबाहेर पसरणारी लांब वल्ही मुळांत अडकतात. होडीच्या अंगालगत चालणारं आखूड वल्हं आणि चार बोटं पाण्यावर तरंगणारा तळ, एवढंच कामाला येतं. म्हणजे ही होडी गरिबीची होडी नाही, त्या चिखलाचं ते उत्तर आहे. बोय, कोलंबी, चिंबोरी, निवटी ही सगळी मासळी या उथळ पट्ट्यातली. पाग फेकायचा तर माणसाला होडीत उभं राहता आलं पाहिजे, आणि उभं राहिल्यावर ती कलंडता कामा नये. रुंदी किती हवी हे या दोन गरजा ठरवतात, आणि रुंदी वाढली की पाट बंद. बांधणाऱ्याने काढलेली ही तडजोड तुम्ही मोजपट्टीने मोजू शकता. मोजा.

वेळेचंही तसंच. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचं कोष्टक लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी आळशी. तुम्ही कोणाची मुलाखत घेताना 'सकाळी किती वाजता जायचात?' असं विचारलंत तर उत्तरच चुकीचं येईल, कारण वेळ रोज सुमारे पाऊण तासाने सरकते. 'कुठल्या तिथीला कुठपर्यंत जायचात?' असं विचारा. नकाशा आपोआप उलगडतो.

मग शहर आलं. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची ३४४ चौरस किलोमीटर जागा नियोजनाखाली आली. १९७३ मध्ये वाशीचा पूल खुला झाला. या नियोजनाबद्दल वाचायला इतकं आहे की तुमचं एक वर्ष त्यातच जाईल. ते वाचताना नकाशांवर एक गोष्ट बघत राहा: जमिनीला रंग आहेत, क्रमांक आहेत, विभाग आहेत, आणि खाडी निळी. नुसती निळी. जिच्यात कोणाचा पाट, कोणाचे डोल लावायचे खुंट, कोणाची निवट्यांची जागा, ती एका रंगात संपली.

याचा परिणाम नुकसानभरपाईत दिसतो. जमिनीसाठी इथले लोक लढले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा मिळाला. पण परतावा मिळायला आधी सातबारा लागतो. पाण्याला सातबारा नसतो. ज्याचं सगळं उत्पन्न खाडीत आणि जमीन घराखालची तेवढीच, त्याच्याकडे दाखवायला काय? होडी. आणि होडीचा कागद? केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मच्छीमार गणनेत यांत्रिकी, मोटर बसवलेल्या आणि बिगरमोटर असे गट असतात. आपली डोण शेवटच्या रकान्यात, इतर दहा प्रकारांबरोबर एका आकड्यात.

२०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण-पनवेल भागातल्या पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर निकाल दिला: १,६३० कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये, म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये वाशीच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने तिसऱ्या खाडीपुलामुळे बाधित होणाऱ्यांच्या भरपाईचा आणि त्यासाठी धोरणाचा मुद्दा हाताळला. हे निकाल मुळातून वाचा, बातम्यांवर थांबू नका. कायद्यासाठी नाही, इतिहासासाठी वाचा. पारंपरिक मासेमारी म्हणजे काय, ती किती जुनी, कोण करतं, कशाने करतं, हे प्रश्न तिथे पैशाच्या हिशेबात विचारले जातात. आपण सेमिनारमध्ये ज्याला 'पुराव्याचा प्रश्न' म्हणतो, तो तिथे कोणाच्या तरी घराचा प्रश्न असतो.

या भागात नावांवरून इतिहास लिहायचा मोहही आवरा. विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांत एक तरघर. 'तर' आणि 'घर', म्हणजे इथे नाव लागायची, असं लिहून टाकायला हात शिवशिवतो. नाव हा पुरावा नाही, फार तर एका फायलीचा पत्ता आहे. जुना सर्व्हे नकाशा काढा, तिथे तर दाखवली आहे का बघा, मग मक्त्याचे कागद. तिन्ही जुळले तर लिहा. तिथली उलवे नदीही विमानतळासाठी वळवलेली आहे, तेव्हा आजच्या नकाशावर बोट ठेवून जुनी तर शोधाल तर कोरड्यात उभे राहाल.

तसंच 'तलाव' या शब्दाचं. तुमच्या विषयात नवी मुंबईचे तलाव येणारच. काही खरंच गावतळी आहेत. पण नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'मधलं पाणी किंवा वाशीच्या मिनी सीशोअरला लागून असलेलं पाणी हे धारण तलाव आहेत: भरतीचं पाणी वस्तीत शिरू नये आणि पावसाचं पाणी साठवता यावं म्हणून, दारं लावून वेगळा केलेला खाडीचाच तुकडा. शेतकरी खाजणाला बांध घालून उघाडीने जे करत होते त्याची ही शहरी, सिमेंटची आवृत्ती. अशा पाण्यात उद्या कोणी प्लास्टिकची कयाक सोडली आणि तुम्ही 'नवी मुंबईतील तलावांवर जलक्रीडेची सुरुवात' असं लिहिलंत, तर ते पाणी आधी कोणाच्या वल्ह्याखाली होतं हा प्रश्न तुमच्या परीक्षकाच्या आधी तुम्ही विचारलेला बरा. २०१५ मध्ये खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. चांगलंच झालं. पण आता पाण्याला फ्लेमिंगोमुळे नाव आहे, पाटांची नावं मात्र अजून कुठल्याही फलकावर नाहीत.

एक प्रसंग राहिला. ज्या काकांनी माझी वही तपासली, त्यांची होडी मी नंतर मोजली: लांबी, मधली रुंदी, आतली खोली, वल्ह्याची उंची. त्यांनी पट्टीचं एक टोक धरलं. शेवटी म्हणाले, हे जे लिहिलंस ते दाखवलं तर होडी माझी होती असं धरतील का? मी म्हटलं, काका, हा प्रबंध आहे, दाखला नाही. ते म्हणाले, मग तारीख तरी टाक. तेव्हापासून मी प्रत्येक मोजमापाखाली तारीख, तिथी, जागा आणि मोजताना हजर असलेल्यांची संमती लिहिते, आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवते. पद्धतीशास्त्राच्या पेपरला हे विचारणार नाहीत.

विषय सुचवणाऱ्या त्या मुलाला येत्या एकादशीला सारसोळ्याच्या धक्क्यावर बोलावलंय. अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. त्याआधी अर्धा तास पोच म्हटलंय. वही आणि मोजपट्टी आण. मोबाईल पहिल्या दिवशी खिशातच ठेव. आणि वहीच्या पहिल्या पानावर 'कॅनो' लिहून आलास तर परत पाठवीन.